वाय-फायचा डबा: चालू करणं आणि लावणं

(वाचनालयाच्या रविवारच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच घेतले आहेत.)



दूरसंचार खात्यातून मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या सोसायटीत कोणाचंही नेट गेलं की बेल अजून माझ्याच दाराची वाजते. "ताई, जरा येऊन बघता का?" मी जाते. जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा नेट गेलेलं नसतंच. घरात येणारी लाइन व्यवस्थित असते. बिघडलेलं असतं ते घरातल्या घरात.

गेल्या महिन्यातलं सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे वाय-फायचा डबा टीव्हीच्या युनिटमध्ये, खालच्या कप्प्यात, बंद दाराआड ठेवलेला. का, तर हॉलमध्ये वायरी दिसू नयेत म्हणून. वाय-फायचा पासवर्ड काय? काकांचा मोबाइल नंबर. काका सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे तोच नंबर खाली नोटीस बोर्डावर लावलेला. आणि त्या डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड? तो कारखान्यातून आला तसाच. मी विचारलं, बसवायला कोण आलं होतं? म्हणाल्या, "नेटवाला मुलगा आला होता, दहा मिनिटांत सगळं चालू करून गेला."

बरोबर बोलल्या त्या. चालू करून गेला, पण लावून गेला नाही. आपण घर लावतो म्हणतो ना, तसं. सामान टेम्पोतून उतरवून दाराच्या आत ठेवलं की हमालांचं काम संपतं. नंतर घर लावायचं आपल्यालाच असतं. या डब्याचंही तेच आहे. त्याला दोन तोंडं आहेत, एक बाहेर कंपनीकडे आणि एक आत घराकडे. नेटवाला मुलगा बाहेरचं तोंड जोडून देतो, कारण त्याला बिल करायचं असतं. आतल्या तोंडाचं कोणी बघत नाही. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

आधी डब्यात काय काय आहे ते बघू. आपण एकच वस्तू म्हणून बघतो, पण त्यात चार यंत्रं कोंबलेली आहेत. पहिलं मॉडेम. बाहेरच्या तारेतून येणारा संदेश आपल्या यंत्रांना कळेल अशा रूपात आणणारा. दुसरा राउटर, म्हणजे बाहेरचं जग आणि घर यांच्यामधला दरवान. तिसरा स्विच, मागच्या बाजूला वायरी खोचायची तीन-चार भोकं असतात ते. आणि चौथं वाय-फायचं रेडिओ केंद्र. तक्रार करताना या चारपैकी कोण आजारी आहे हे कळलं, तर अर्धं काम तिथेच होतं.

मॉडेमचं काम काळाप्रमाणे बदललं. बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केलं ते २००५ च्या जानेवारीत, जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरूनच. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, एक छोटा पांढरा स्प्लिटर यायचा, त्यातून एक वायर फोनला आणि एक मॉडेमला. तो लावायला विसरलं की फोनवर खरखर आणि फोन उचलला की नेट बंद. मॉडेममध्ये दोन आकडे भरावे लागत, बीएसएनएलला शून्य आणि पस्तीस, मुंबईत एमटीएनएलला शून्य आणि बत्तीस. एक आकडा चुकला की सगळे दिवे लागूनही नेट नाही. असे कित्येक फोन आम्ही घेतले आहेत!

आता घराघरात फायबर आलं. तांब्यातून वीज जायची, फायबरमधून प्रकाश जातो, म्हणून मॉडेमच्या जागी जो डबा येतो त्याला ओएनटी म्हणतात. त्यावरचे दोन दिवे तेवढे ओळखा. पीओएन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस लिहिलेला दिवा लाल लागला किंवा लुकलुकला, तर प्रकाश घरापर्यंत पोचत नाही. मग डबा कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. मात्र त्याआधी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे मुडपली आहे का ते बघा. फायबरच्या आत काच असते. कपाटामागे दाबली, खिळ्याला आवळून बांधली की प्रकाश तिथेच गळतो. वळण द्यायचं तर मुठीएवढं मोठं द्या. आणि ती वायर काढून तिच्या टोकात डोकावू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे आहे की नाही ते बघून कळत नाहीच, डोळ्याला मात्र धोका आहे.

डब्याच्या सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी आलेल्या प्रकाशाची पातळी लिहिलेली असते, डीबीएममध्ये, उणे आकड्यात. उणे वीसच्या आसपास असेल तर छान. उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली घसरली तर लाइन कधीही तुटणार. हा आकडा तक्रार करताना सांगा. "नेट स्लो आहे" म्हटलं की समोरचा सांगतो, डबा बंद-चालू करा. "माझी पातळी उणे एकोणतीस आहे" म्हटलं की तो माणूस पाठवतो.

आता दरवानाकडे या. हे समजायला सोपं आहे. तुमच्या कनेक्शनला कंपनी एकच पत्ता देते. घरात मात्र दोन मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा अशी दहा-बारा यंत्रं. त्यांना राउटर स्वतःच घरगुती पत्ते वाटतो, १९२.१६८ ने सुरू होणारे. शेजारच्या घरातही हेच पत्ते असतात, तरी गोंधळ होत नाही. प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतोच की! आतल्या कोणी बाहेरून काही मागवलं तर दरवान वहीत लिहून ठेवतो आणि पार्सल आलं की त्याच फ्लॅटमध्ये पाठवतो. कोणी मागवलं नसताना आलेलं पार्सल दारातूनच परत. तेव्हा बाहेरून थेट कोणी तुमच्या लॅपटॉपपर्यंत सहज पोचत नाही. पण दरवानच फितूर झाला तर? तिकडे मी येणारच आहे.

आधी डब्याच्या सेटिंगचं पान उघडायचं कसं ते सांगते, कारण लोक इथेच घाबरतात. डबा उलटा करा, खालच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, शिवाय नाव आणि पासवर्ड. तो पत्ता ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत टाइप करायचा, इंग्रजी आकड्यांत. मोबाइलवरून करत असाल तर त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर फोन तो पत्ता भलतीकडेच शोधत बसतो. ब्राउझर "हे सुरक्षित नाही" असा इशारा देईल. तुम्ही तुमच्याच घरातल्या डब्याशी बोलताय, पुढे जा.

आत गेल्यावर वॅन किंवा इंटरनेट नावाचं पान दिसेल. तिथे कंपनीने दिलेलं युजरनेम असतं, पीपीपीओई लिहिलेलं असतं, व्हीलॅनचा एखादा आकडा असतो. त्या पानाचा फोटो काढा आणि हात न लावता बाहेर या. ते बाहेरचं तोंड आहे. आणि डब्याच्या मागचं ते बारीक भोक, टाचणीने दहा सेकंद दाबायचं, ते दाबू नका! यूट्यूबवर सगळे सांगतात रिसेट करा. रिसेट केलं की वाय-फायचं नाव-पासवर्ड जातं ते जाऊ दे, पण कंपनीने भरलेलं सगळंच पुसलं जातं, आणि मग नेटवाला येईपर्यंत दोन दिवस बसून राहा. नुसतं बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं.

प्रश्न: आमच्याकडे दोन डबे आहेत. कंपनीचा एक आणि मुलाने ऑनलाइन मागवलेला एक. दुसऱ्या खोलीतल्या डब्याला जोडलं की प्रिंटर सापडत नाही.

फार चांगला प्रश्न. तुमच्याकडे दोन दरवान झालेत. एकाने वाटलेले पत्ते दुसऱ्याला माहीत नाहीत. प्रिंटर एकाच्या हद्दीत, लॅपटॉप दुसऱ्याच्या. दुसऱ्या डब्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, म्हणजे तो दरवानगिरी सोडून नुसतं रेडिओचं काम करेल. तसा मोड नसेल तर तीन गोष्टी करा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा, म्हणजे पहिल्याशी टक्कर होणार नाही. त्याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे तो पत्ते वाटणार नाही. आणि पहिल्या डब्याकडून येणारी वायर त्याच्या वेगळ्या रंगाच्या वॅन भोकात न खोचता साध्या लॅन भोकात खोचा. हे शेवटचं लोक हमखास चुकतात.

आता पासवर्ड. दोन असतात, आणि लोक त्यांना एकच समजतात. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांना देतो. दुसरा सेटिंगच्या पानाचा, ॲडमिनचा, जो कोणालाच द्यायचा नाही. बहुतेक घरांत पहिला बदललेला असतो आणि दुसरा जसाच्या तसा.

त्याने काय होतं? २०१६ मध्ये मिराई नावाचा एक विषाणू पसरला. त्याच्याकडे जेमतेम साठ-बासष्ट नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, सगळ्या कारखान्यातून येणाऱ्या. तेवढ्यावर त्याने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरच्या २१ तारखेला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं. पूर्वी आपण १९७ ला फोन करून एखाद्याचा नंबर विचारायचो, आठवतं? इंटरनेटवरही तशी चौकशी असते, तिला डीएनएस म्हणतात. तुम्ही बँकेचं नाव टाइप केलं की डबा डीएनएसला विचारतो, याचा पत्ता काय? आता समजा, १९७ च्या जागी भलताच माणूस बसला आणि बँकेच्या नंबराऐवजी आपल्या साथीदाराचा नंबर देऊ लागला. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास हेच झालं. काही मॉडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. तिचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मॉडेमांमधली डीएनएसची नोंद बाहेरूनच बदलली गेली. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघाड नव्हता. बँकेचं नाव बरोबर टाइप केलं तरी पान भलतंच उघडायचं. मघाशी म्हटलं ना, दरवान फितूर झाला तर, ते हे.

म्हणून ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून डब्याच्या खाली चिकटवा. हो, खरंच चिकटवा. ज्या चोराला तुमच्या घरात येऊन डबा उचलता येतो त्याला पासवर्डची गरज नाही. आपल्याला भीती दूरच्या माणसाची आहे. मग रिमोट मॅनेजमेंट नावाची सोय दिसली तर बंद करा, बाहेरून कोणाला तुमचं पान उघडायची गरज नाही. आणि फर्मवेअर अपडेट असा पर्याय असेल तर वर्षातून दोनदा तरी दाबून बघा. ब्राझीलमधल्यासारखी चूक दुरुस्त व्हायचा तेवढाच मार्ग आहे. अपडेट चालू असताना डब्याची वीज मात्र घालवू नका.

आता वाय-फायचा पासवर्ड. काका माझ्यावर रागावले होते, "मोबाइल नंबर दहा आकडी आहे, कोण ओळखणार?" नोटीस बोर्ड सोडून द्या. हिशोब करू. फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत थोडी ओळखपाळख होते, ती हवेतून जाते. बाहेर जिन्यात बसलेला माणूस ती टिपून घेऊ शकतो आणि घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. राउटरला हे कळतही नाही. आपले मोबाइल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या चारशे कोटी. ऐकायला खूप वाटतं. पण खेळांसाठी मिळणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या पुढे पासवर्ड तपासतं. चारशे कोटी भागिले दहा लाख, चार हजार सेकंद. तास-सव्वा तास! काका गप्प झाले.

तेव्हा पासवर्ड लांब ठेवा. तो त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडा, आठवायला सोपे, फोडायला अशक्यप्राय. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर उत्तम, त्यात ही घरी नेऊन फोडायची युक्ती चालत नाही. जुने फोन त्याला जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय घ्या. नुसतं डब्ल्यूईपी दिसलं तर डबाच बदला, ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय.

आणि डब्ल्यूपीएसचं बटण. पासवर्ड न टाकता जोडता यावं म्हणून केलेली सोय. हिची गंमत ऐका. त्यात आठ आकडी पिन असतो. आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे उरले सात. तरी एक कोटी शक्यता. पण राउटर काय करतो, पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे. पहिले चार चुकले की लगेच सांगतो, चुकले! म्हणजे एक कोटी प्रयत्न लागायच्या ऐवजी दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजारांत काम झालं. २०११ च्या अखेरीस हे उघड झालं, पण ती सोय अजूनही कित्येक डब्यांत आहे. बंद करा. नेटवर्कचं नाव लपवणं वगैरे लोक करतात, त्यात काही अर्थ नाही. चोराला लपवलेलं नावही दिसतं आणि तुमच्या पाहुण्यांना तेवढा त्रास होतो.

प्रश्न: पण कोणी आमचं वाय-फाय वापरलं तर काय मोठं? हल्ली डेटा तर अमर्याद असतो.

डेटाचा प्रश्नच नाही हो. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न आहे. लांब जायला नको, नवी मुंबईचं सांगते. २००८ च्या २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला आणि ते पोचले सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वाय-फायपर्यंत. त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशी झाली, देशभर नाव झालं. त्याने काहीच केलं नव्हतं. त्याचं वाय-फाय दुसऱ्यांनी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. तेव्हा लक्षात घ्या, बाहेरच्या जगाला तुमच्या घरातला कुठला फोन, कुठला लॅपटॉप हे दिसत नाही. दिसतो तो एकच पत्ता, आणि तो तुमच्या नावावर आहे. आपण काही केलं नाही हे सिद्ध करत बसायचं आपण.

याच कारणाने गेस्ट नेटवर्क चालू करा. पाहुणे, भाडेकरू, स्वस्तातले कॅमेरे आणि वाय-फायचे बल्ब, सगळे त्यावर. पाहुण्यांचा पासवर्ड हवा तेव्हा बदलता येतो, घरच्यांना त्रास नाही. आणि कॅमेऱ्यात उद्या मिराईसारखं काही शिरलं तरी ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत येत नाही.

आता रेडिओ. इथे थोडी रमते, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात.

डबा दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लाट साडेबारा सेंटिमीटरची, ती भिंतीतून बऱ्यापैकी जाते. ५ ची त्याच्या निम्म्याहून लहान, वेग जास्त देते पण भिंतीत लवकर मरते. टीव्ही डब्याच्याच खोलीत असेल तर त्याला ५ वर टाका. लांबच्या बेडरूममधल्या फोनला २.४.

२.४ मध्ये आपल्याकडे तेरा चॅनेल दिसतात. पण ते एकमेकांपासून पाचच मेगाहर्ट्झवर आहेत आणि वाय-फायला जागा लागते वीस. म्हणजे एकमेकांना न खेटणारे तीनच, १, ६ आणि ११. आता लोक ॲप उघडून बघतात, एकवर पाच शेजारी, सहावर सात शेजारी, आणि हुशारी करून मध्ये चार निवडतात, तिथे कोणी नाही म्हणून. हे चुकीचं आहे. एकाच चॅनेलवरचे डबे एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. चारवर गेलात तर एकवाले आणि सहावाले दोघांचा गोंगाट तुम्हाला ऐकू येतो, पण त्यांचे शब्द कळत नाहीत, तुमचे त्यांना कळत नाहीत, आणि सगळेच एकमेकांवर ओरडतात. गर्दीतली रांग परवडली, ढकलाढकली नको. तिघांतला कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी वीसच ठेवा. चाळीस केलीत तर वाड्यातल्या सगळ्यांचं अंगण अडवल्यासारखं होतं आणि तुमचंही भलं होत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी आहे, ३६ ते ४८ मधला एखादा ठेवला की झालं.

जागेबद्दल. डबा घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक आणि काँक्रीटचा पिलर हे त्याचे शत्रू. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो लाट परत फेकतो. पाणी लाट पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तुमच्याच पट्टीत. दूध गरम होतंय तोवर मुलीचा व्हिडिओ कॉल अडकतो, ते म्हणून. जुन्या दगडी घरांत राहणाऱ्यांना मी सरळ सांगते, दीड-दोन फुटांच्या काळ्या दगडाच्या भिंतीपुढे कुठलाही महागडा अँटेना चालणार नाही. पलीकडे वायर न्या आणि दुसरा डबा लावा, मघाशी सांगितला तसा.

काकूंच्या घरी मी तेच केलं. डबा कप्प्यातून काढून शोकेसवर ठेवला. मोबाइलवर एखादं वाय-फाय ॲनालायझर ॲप टाकलं की ताकद दिसते, इथेही उणे डीबीएममध्ये. बेडरूममध्ये आधी उणे अठ्ठ्याहत्तर होतं, ते उणे अठ्ठावन्न झालं. दर दहाला दहापट, म्हणजे वीसच्या फरकात शंभरपट ताकद! खर्च शून्य. वायर दिसते म्हणून काकू अजून नाराज आहेत ते सोडा.

वेग मोजताना आधी लॅपटॉप वायरने डब्याला जोडून मोजा. तिथे पूर्ण आला तर कंपनी निर्दोष, दोष वाय-फायचा. आणि वायरनेही दोनशेच्या प्लॅनमध्ये पंचाण्णवच्या आसपास अडकत असेल, तर कंपनीला फोन करायच्या आधी तुमच्या डब्याची आणि वायरची भोकं बघा. स्वस्त राउटरची भोकं शंभर मेगाबिटची असतात. वायरीतल्या आठपैकी चारच तारा धड असतील तरी तोच आकडा येतो. आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. शंभर मेगाबिटच्या लाइनवर फाइल उतरताना सेकंदाला साधारण बारा मेगाबाइट दिसतात, ते बरोबरच आहे.

प्रश्न: लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर नाही. काही उपाय?

बहुतेक डबे बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बघा. बाराच्या डब्याला नऊचा लावू नका, आणि अँपिअर डब्याला लागतात तेवढे किंवा जास्त हवेत. खऱ्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही, प्रकाश काचेच्याच वाटणीयंत्रातून फाटे फुटून येतो. त्यामुळे अख्ख्या वस्तीची लाइट गेली तरी तुमचं नेट चालतं. पण काही केबलवाले खांबावर किंवा जिन्यात विजेवर चालणारा स्विच ठेवतात. तिथे त्याने बॅटरी ठेवली नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे दाखवेल. कनेक्शन घेण्याआधी त्याला हे विचारा. आणि वळवाच्या विजा कडाडत असताना अडॅप्टर काढून ठेवलेला बरा.

प्रश्न: आमच्या डब्याचा ॲडमिन पासवर्ड कंपनी देतच नाही. म्हणतात, तुम्हाला काय करायचंय?

हो, असं होतं. डबा त्यांचा आहे असं त्यांचं म्हणणं असतं. आधी लेखी मागा, ई-मेलने. पुष्कळदा मर्यादित अधिकारांचं एक खातं देतात, त्यात वाय-फायचं नाव, पासवर्ड, चॅनेल एवढं बदलता येतं, आणि आपलं बरंचसं काम तेवढ्यात होतं. तेही देत नसतील तर स्वतःचा एक राउटर घ्या, त्यांच्या डब्यातून वायर काढून ती या राउटरच्या वॅन भोकात लावा, आणि त्यांच्या डब्याचं वाय-फाय त्यांच्याकडूनच बंद करून घ्या. मघाशी मी दोन दरवान नकोत म्हटलं, पण इथे घरातली सगळी यंत्रं आतल्या दरवानाकडे आहेत, त्यामुळे प्रिंटर हरवणार नाही. जमलं तर त्यांना डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो नुसता मॉडेम राहील. हा शब्द लिहून घ्या, ब्रिज मोड. फोनवरच्या पहिल्या माणसाला कदाचित कळणार नाही, त्याच्या वरच्याला कळतो. आणि त्यांनी होकार दिला की पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड आधी मागून घ्या, कारण मग ते तुमच्या राउटरमध्ये तुम्हालाच भरायचं असतं.